लेकींचे दात, सुनांचे दात

ज्यांच्या दातांना लोक हसले आहेत त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. जे हसले त्यांनीही वाचावं, पण त्यांना बरं वाटेल असं यात काही नाही. मी मोठ्या मनाची वगैरे बाई नाही. माझ्या तोंडात वरचे पुढचे सहा दात कवळीचे आहेत, खालचे चार अर्धे झिजलेले आहेत, आणि उजव्या गालावर जबड्याच्या कडेला एक खळगा आहे. तिथून आठ महिने पू वाहत होता. कोणी विचारलं की मी लहानपणी पडले असं सांगत असे. आता तसं सांगणार नाही.

पेरू

आमचं गाव राजुऱ्याच्या बाजूला. गावाला एकच विहीर, खडकात फोडलेली, खूप खोल. भर उन्हाळ्यात आजूबाजूच्या गावच्या बाया नाल्यात झरे उकरत बसायच्या, तेव्हा आमच्या बाया ऐटीत दोर सोडायच्या. त्या पाण्याचा सगळ्यांना गर्व होता.

आणि आमच्या गावात लेकींचे दात पिवळे होते, सुनांचे पांढरे. पिवळे म्हणजे नुसते पिवळे नाहीत. खडूने ओढल्यासारखे आडवे पट्टे, त्यावर तपकिरी डाग, आणि पंचविशी गाठेपर्यंत कडा तुटायला लागायच्या. जी गावात जन्मली तिचे असे. जी लग्न होऊन आली तिचे चांगले. इतकं उघड दिसत होतं, पण त्याचा अर्थ कोणी लावला नाही. लावला तो असा, की लेकी माहेरी लाडावतात म्हणून घासत नाहीत आणि सुना सासूच्या धाकाने घासतात. पुरुषांचे दातही आमच्यासारखेच, पण ते पान-तंबाखूने रंगलेले असत, म्हणून त्यांच्याकडे कोणी बघत नसे. चाळिशीतल्या माणसांची मान वळत नसे, माझ्या बाबांना मांडी घालता येत नसे. ते कष्टाने झालं म्हणायचे.

माझी आई मूल गावची. तिचे दात शेवटपर्यंत शाबूत होते. माझे पुढचे दात आले तेव्हा ती इतकी घाबरली की रोज सकाळी मला पुढ्यात घेऊन राखुंडीने घासायची. राखुंडीने जाईना तेव्हा विटेची भुकटी. हिरड्यांतून रक्त यायचं, मी रडायचे, आणि ती म्हणायची, "रडू नको. माह्ये दात पाह्य, आन् तुह्ये पाह्य. आळशी पोरगी म्हणतीन लोकं तुले." मी आळशी नव्हते. वर्गात पहिली येत होते. पण हे दात घेऊन पहिली आले काय आणि शेवटची आले काय, पोरं मला हळदी म्हणायची.

आमच्या गावची मुलगी पाहायला जायचं असेल तर सोबत पेरू न्यायचा, असा त्या भागात रिवाजच पडला होता. मुलगी चहा पिते तेव्हा तोंड झाकून घेते, बोलते तेव्हा मान खाली घालते. पण कच्चा पेरू दात दाखवल्याशिवाय चावता येत नाही. म्हणून पाहुणे पिशवीत पेरू आणायचे, प्रेमाने पुढे करायचे आणि टक लावून बसायचे.

एक्याऐंशीच्या हिवाळ्यात मला पाहायला प्रभाकर आणि त्याची आई आले. मी वीस वर्षांची होते, बारावी झाले होते. मुलगा मूलपलीकडच्या गावचा, उमा नदीच्या काठी त्यांची धानाची शेती. माणूस सरळ वाटला, मला आवडला, हेही लिहून टाकते. जयभीम झाला, चहा झाला, आणि मग त्याच्या आईने पिशवीतून पेरू काढला. मी ओठ मिटून बाजूच्या दाढेने चावायला गेले तर तिने माझी हनुवटी धरली आणि तोंड दाराच्या उजेडाकडे वळवलं, बैल घेताना पाहतात तसं. बाबा भिंतीकडे बघत राहिले.

अंगणात चपला घालताना ती माझ्या आईला म्हणाली, आणि हळू म्हणाली असंही नाही, "पोरगी बाकी चांगली हाये, बाई. पण रोज सकायी उठून हे तोंड कोन पाहीन?"

महिन्याभरात त्यांनी माझी चुलत बहीण पसंत केली. माझे काका मूलला भाताच्या गिरणीत कामाला होते, त्यांची मालती तिथेच जन्मलेली, तिथेच वाढलेली. नाक-डोळे माझ्याहून सुमार होते. दात मात्र पांढरे होते.

तेजाब

पेरूच्या पुढच्याच आठवड्यात मी मैत्रिणीला घेऊन बाजाराला गेले. तिथे एका कोपऱ्यात एक माणूस चटई टाकून बसायचा. पुढे आरसा, एका डब्यात उपटलेले दात आणि तीन-चार बाटल्या. तो कुठला होता कोणाला माहीत नव्हतं. डाग जातील का, असं मी विचारलं. तो म्हणाला, पाच मिनिटांचं काम आहे.

काडीला कापूस गुंडाळून त्याने एका बाटलीत बुडवला आणि दातांवर फिरवला. फेस आला, नाकात झणझणलं, ओठ भाजला. त्याने चूळ भरायला लावली आणि आरसा पुढे धरला. माझे दात पांढरे झाले होते. घरी येईपर्यंत मी रस्त्यात दोनदा मैत्रिणीला विचारलं, खरंच आहेत ना. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या दिवशी तोंड उघडून हसले. तो आनंद आठ दिवस टिकला, आणि त्या आठ दिवसांबद्दल मी त्या माणसाला आजही शिव्याच देते, कारण पुढचं सगळं त्या आनंदामुळेच जास्त झोंबलं.

आधी गार पाणी लागायला लागलं. मग गरम. मग नुसती हवा. बोलताना शब्दासोबत आत गेलेला वारा सुईसारखा टोचायचा, म्हणून मी बोलणंच सोडलं. दोन दात राखाडी पडले. आईने लवंग धरायला दिली, हळद लावली. मालतीच्या लग्नात मी उजवा गाल पदराखाली घेऊन पंगतीत भात वाढत होते. प्रभाकरच्या आईने पदर वर करून माझ्या गालावरची सूज पाहिली आणि शेजारणीला म्हणाली, "पाह्यलं ना? वाचलो आपन." मी भाताचं घमेलं खाली ठेवलं नाही. पुढची पंगतही मीच वाढली. तेव्हाच ठरवलं की या बाईला एक दिवस रडवीन.

वॉर्ड

मालतीच्या लग्नानंतर पंधरा दिवसांनी माझा डोळा बंद झाला. सूज गालावरून गळ्याकडे उतरली, थुंकी गिळता येईना. बाबांनी मला बसमध्ये अक्षरशः टाकून चंद्रपूरला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी बाबांना बाजूला घेऊन सांगितलेलं मला ऐकू आलं, की अजून एक दिवस उशीर झाला असता तर श्वास कोंडला असता. दातदुखीने माणूस मरतो हे मला तेव्हा कळलं. घरी कोणाला सांगितलं असतं तर हसले असते.

तीन आठवडे मी तिथे होते. सकाळी इंजेक्शन, मग मिठाच्या पाण्याच्या चुळा, मग गालाला पाडलेल्या छिद्रातून पट्टी ओढून नवी भरायची. ती पट्टी ओढताना मी पलंगाचा लोखंडी गज धरायचे. खाणं म्हणजे पेज, चमच्याने, ओठांच्या कोपऱ्यातून. एक नर्सबाई माझ्यासाठी वरण गाळून त्यात तूप टाकून आणायच्या. हे त्यांचं काम नव्हतं. दुपारी त्या पलंगाच्या कडेला बसून मला पाटीवर लिहून बोलायला लावायच्या, आणि पहिल्याच दिवशी मी पाटीवर प्रभाकरच्या आईबद्दल जे लिहिलं ते वाचून पोट धरून हसल्या. त्या म्हणाल्या, एवढी चीड आहे म्हणजे तू मरत नाहीस.

माझ्या शेजारी कुरखेड्याकडची एक म्हातारी होती. तोंडात तंबाखूची गोळी धरून धरून तिचा गाल आतून सडला होता. तिला बोलता येत नव्हतं, मलाही नाही. आम्ही एकमेकींना भुवयांनी सांगायचो, आज पेज पातळ आहे, आज डॉक्टर रागावलेले आहेत. एका सकाळी तिची खाट रिकामी होती. मी पाटी उलटी करून ठेवली आणि त्या दिवशी काही लिहिलं नाही.

निदान

जबड्याच्या हाडाला लागण झाली होती म्हणून चंद्रपूरहून नागपूरला धाडलं. तिथे दातांच्या डॉक्टर एक बाई होत्या, वयाने मोठ्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी माझे वरचे सहा दात काढले, हाडाचा तुकडा काढला. ते सगळं मी लिहीत नाही, वाचून कोणाचं भलं होणार नाही. पण एका सकाळी त्या पलंगाशी आल्या, माझे खालचे दात पुन्हा पाहिले, आणि मग पायथ्याशी बसलेल्या आईला म्हणाल्या, तुम्ही जरा तोंड उघडा. आईने उघडलं. त्यांनी विचारलं, तुमचं माहेर कुठलं. मग विचारलं, गावात बाकीच्या मुलींचे दात कसे आहेत. मग विचारलं, पाणी कुठलं पिता.

"हा तिचा दोष नाही," त्या आईला म्हणाल्या. "तुमच्या विहिरीच्या पाण्यात खडकातला क्षार आहे. हिरडीच्या आत दात तयार होत असतात तेव्हा, म्हणजे मूल सात-आठ वर्षांचं होईपर्यंत, हे पाणी पोटात गेलं की डाग आतूनच पडतो. घासून जात नाही. मोठेपणी त्या गावी आलेल्या बाईला डाग पडत नाही, पण तिची हाडं धरतात. दुधाचे दात पुष्कळदा स्वच्छ दिसतात, त्यावर विश्वास ठेवू नका."

पाच-सहा वाक्यांत सगळं मिटलं. हळदी म्हणणारी पोरं, विटेची भुकटी, पेरू. मी घासत होते. माझं काही चुकलं नव्हतं. तुम्हाला वाटेल मला हायसं वाटलं असेल. मला असा संताप आला की टाके दुखायला लागले. आणि समोर माझ्या हाताशी फक्त आई होती.

मी तिला म्हणाले, शब्द धड फुटत नव्हते तरी म्हणाले, की तू पाजलंस. रोज तू शेंदून आणलंस आणि तू पाजलंस, आणि वर मलाच विटेने घासलंस.

 आई पदराशी चाळा करत म्हणाली, "तान लागली का पानी देत होती मी तुले. आनखी काय करत होती?"

मी तोंड फिरवून घेतलं. ती पुढचे चार दिवस माझ्याशी न बोलता माझं सगळं करत राहिली. आजारी माणसाला रागावण्याचा हक्क असतो असं म्हणतात, आणि मी तो हक्क पुरेपूर वापरला. आम्हा दोघींचं पूर्वीसारखं कधीच झालं नाही.

निघताना डॉक्टरबाईंनी त्यांचा पत्ता दिला. कोणत्याही गावच्या पाण्याची शंका आली तर बाटली धुऊन भरून पाठव, मी तपासून घेईन, म्हणाल्या. आमच्या विहिरीची बाटली मी पहिली पाठवली. जे यायचं तेच आलं. बाबांनी मान वळत नसताना घरोघर जाऊन सांगितलं, नाल्याकाठची जुनी उथळ विहीर पिण्यासाठी उपसून घेतली. निम्म्या गावाने ऐकलं. बाकीचे म्हणाले, आजोबा-पणजोबा हेच पीत आले.

चटई

कवळी बसली आणि मी आरशात पाहिलं. माझे दात आता गावातल्या सगळ्या सुनांपेक्षा पांढरे होते. मी पहिलं काम केलं ते म्हणजे बाजाराला गेले.

तो माणूस तिथेच होता. त्याच्यापुढे एक पंधरा-सोळा वर्षांची मुलगी बसली होती, आमच्याच बाजूची, दातांवरूनच ओळखली. मी त्याच्या चटईवर बसले, कवळी काढली आणि त्याच्या आरशापुढे ठेवली. गालावरची पट्टी सोडली. मग सहा दात नसलेल्या तोंडाने, फुसफुसत, त्या मुलीला आणि जमलेल्या सगळ्यांना सांगितलं की याच बाटलीने हे झालं. मुलगी उठून पळाली. तो आधी ओरडला, मग हात जोडायला लागला. मी उठले नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेले. त्याच्याही पुढच्या. चौथ्या बाजाराला त्याची जागा रिकामी होती.

इतकं छान मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं, हे खरं आहे. आणि माझ्या तोंडाला त्याची चव लागली.

बाटली

मालतीला मुलगी झाली होती, संगीता. तिच्या पहिल्या वाढदिवसाला मी गेले. तेव्हा मी चंद्रपूरला डी.एड. करत होते. मालतीबद्दल माझ्या मनात काही नव्हतं. ती लहानपणापासून माझ्या मागे मागे फिरणारी, माझी जुनी पुस्तकं घेऊन शिकलेली. मला पाहून ती धावत आली आणि गालावरच्या खळग्याला हात लावून रडली. तोवर त्या खळग्यासाठी कोणी रडलं नव्हतं.

प्रभाकरच्या घरासमोर नवी हापशी बसली होती. त्याची आई मला हात धरून ती दाखवायला घेऊन गेली. आता नदीवर जायला नको, गाळायला नको, हंडे वाहायला नको, आणि गावात इतक्या जागा असताना बोअर आमच्याच दारात लागलं. पाणी किती खोलातून आलं, मशीनने किती खडक फोडला, ते सगळं तिने ऐटीत सांगितलं.

खडक म्हटल्यावर माझे कान टवकारले. मी थैलीतली रिकामी बाटली काढली, हापशीवर धुतली, भरली. प्रवासात प्यायला, असं सांगितलं. खरं सांगते, ती बाटली मी पोरीच्या काळजीने भरली नाही. पाणी वाईट निघावं म्हणून भरली.

निघालं. डॉक्टरबाईंचं पत्र हॉस्टेलवर आलं. आमच्या विहिरीपेक्षा वाईट, त्यांनी लिहिलं होतं, आणि खाली रेघ ओढून, लहान मुलांना हे पाणी ताबडतोब बंद करायला सांग. मी ते वाचून मोठ्याने हसले, इतकी की खोलीतल्या मुली विचारायला लागल्या काय झालं. मला दिसत होतं, पंधरा वर्षांनी कोणीतरी त्या घरी पेरू घेऊन आलेलं, आणि प्रभाकरची आई भिंतीकडे बघते आहे.

मी ते पत्र पेटीत साडीखाली ठेवलं. तीन वर्षं दडवलं.

तीन वर्षं

त्या तीन वर्षांत मी मालतीकडे पाचदा गेले. प्रत्येक वेळी मनाशी काहीतरी कारण असायचं. सांगितलं तरी ती म्हातारी, प्रभाकरची आई, ऐकणार नाही. लोक म्हणतील, हिची जळते. पोरीचे दात तर दुधासारखे पांढरे आहेत, कदाचित काही होणारही नाही. दुधाच्या दातांबद्दल डॉक्टरबाई काय म्हणाल्या होत्या ते मला पाठ होतं, तरी मी हे म्हणत होते. मी शिक्षिका झाले. वर्गात पोरांना स्वच्छ पाणी पिण्याबद्दल फळ्यावर लिहून देत होते. घरी येऊन पेटी उघडत नव्हते.

मला त्रास होत होता असं लिहिलं तर ते खोटं होईल. पहिली दोन वर्षं तर मजाच वाटत होती. म्हातारी नातीला मांडीवर घेऊन म्हणायची, "आमच्या पोरीले पाहाले कोनी पेरू घेऊन नाई येनार," आणि माझ्याकडे बघायची. मी कवळीचे सगळे दात दाखवून हसायचे.

संगीता चार वर्षांची असताना मी दुपारच्या उन्हात त्यांच्या दारात पोचले. ती अंगणात होती. "मावशी आली," म्हणत ती सरळ हापशीकडे पळाली, दांड्याला लोंबकळली, दोन्ही पाय वर घेऊन स्वतःच्या वजनाने दांडा खाली आणला, पुन्हा उडी मारून लोंबकळली, आणि निम्मा पेला भरून माझ्यापुढे धरला. धापा टाकत होती. म्हणाली, "तुह्यासाठी गार आनलं." मी घेतलं आणि ओतून दिलं. तिला वाटलं कचरा पडला असेल. ती पेला घेऊन पुन्हा पळाली.

दुसरा पेला भरून येईपर्यंत मी मालतीला स्वयंपाकघरात गाठून सांगून टाकलं. पत्र दाखवलं. पण वरचा तारखेचा कोपरा मी पुढच्या खोलीतून आत जाताजाता फाडून टाकला होता. ते पत्र पेटीतून काढून मी गेले सहा महिने पर्समध्येच घेऊन फिरत होते. म्हणजे मनात कुठेतरी होतंच, आणि तरी सहा महिने.

म्हातारीने अपेक्षेप्रमाणे हात नाचवले. "तुह्या जळन्याले औषध नाई," म्हणाली, आणि मला दाखवून गटागट पेलाभर पाणी प्याली. मालतीने मात्र एक शब्द विचारला नाही. ताई सांगते म्हणजे खरं. त्याच संध्याकाळी तिने हंडा उचलला आणि नदीकाठच्या जुन्या विहिरीवर गेली. जायला-यायला पाऊण तास. त्यानंतर ती रोज गेली, तापात गेली, सातव्या महिन्यात गेली. नंतर प्रभाकर सायकलला दोन डबे बांधून आणायला लागला. मालती मला प्रत्येक पत्रात लिहायची, ताई, तू वेळेवर सांगितलंस.

यंदा

आता एकोणनव्वद. पावसाळा संपल्यावर मालतीचा निरोप आला, एकदा येऊन जा.

मी पोचले तेव्हा म्हातारी संगीताला पुढ्यात घेऊन राखुंडीने घासत होती. पोरीच्या ओठांवर रक्त होतं. मी तिचा हात धरला आणि म्हणाले, घासू नका, ते जाणार नाही. सात वर्षांपूर्वीची असती तर तिने मला ढकलून दिलं असतं. तिने हात खाली घेतला. संगीताने तोंड उघडून दाखवलं. वरचे पुढचे दोन दात आले होते. आडवे पांढरट पट्टे, आणि मध्ये तपकिरी डाग सुरू झालेला.

"तुह्या डॉक्टरीनले दाखवाचं का वं, पोरी?" म्हातारी म्हणाली. ती रडत होती. मला पोरी म्हणाली होती. आठ वर्षं मी ज्याची वाट पाहिली ते माझ्यासमोर बसलं होतं, आणि मला ते बघवेना. रडवायचं ठरवलं होतं तिला. तिच्या मांडीवरच्या पोरीला नाही.

मालती मला मागच्या दारी घेऊन गेली. तिने माझे दोन्ही हात धरले.

"म्याच केलं, ताई," ती म्हणाली. "पावसात त्या नदीकाठच्या विहिरीचं पानी गढूळ राहे. चार-पाच डाव मले कटाळा आला, मंग हापशीचंच पाजलं तिले. तू इतकं सांगून राह्यली होती, आन् मी आळस केला."

मी तिला समजावलं, की चार-पाच वेळेने काही होत नाही. ती ऐकेना. तू सांगितल्यापासून बाकी सगळं विहिरीचंच पाणी होतं ना, हे दात तर त्यानंतर आले, मग डाग आला कुठून, असं विचारत राहिली. मला उत्तर माहीत होतं, हे दात हिरडीच्या आत पहिल्या चार वर्षांतच घडले होते. मी तिच्या पाठीवर हात फिरवला, बस पकडली आणि घरी आले. माझ्या आईने जन्मभर जे डोक्यावर घेतलं तेच आता मालती घेऊन बसली आहे, आणि तिला ते मी दिलं.

हे वाचणाऱ्यांनी एवढं करावं. गावात लेकी आणि सुनांचे दात वेगळे दिसले, मुलांचे नवे दात खडूसारखे येत असले, तर पोरांना घासत बसू नका, पाणी तपासून घ्या. बाजारात कोणालाही दाताला तेजाब लावू देऊ नका. सूज गळ्याकडे उतरली तर लवंगा धरत घरी थांबू नका, दवाखाना गाठा. आणि पाणी वाईट आहे हे कळलं की त्याच दिवशी सांगा, ज्याने तुमचं वाटोळं केलं त्याच्या दारात जाऊन सांगावं लागलं तरी.

ही वही आणि ते पत्र घेऊन मी रविवारी मूलची बस धरणार आहे. म्हातारीबद्दल लिहिलं आहे तेही तिच्यासमोर वाचणार आहे. त्यांनी मला दाराबाहेर काढलं तर मी जाईन. माफी मागणार नाही, कारण मालती देऊन टाकेल, तिला मी ओळखते. तिने माझ्यावर चिडावं, मी चिडले होते तशी.

पावसातल्या त्या चार-पाच पेल्यांनी काही झालं नाही, मालती. पोर एक वर्षाची होती तेव्हा ते पत्र माझ्याकडे आलं. ती चार वर्षांची होईपर्यंत तू तिला तहान लागली की पाणी देत होतीस, आणि मी ते बघत तुझ्या घरी जेवून जात होते.